इनामदारांच्या घशातला काटा

दरारा राहावा म्हणून इनामदार एकटेच जेवत, आईलाही शेजारी बसू देत नसत. एकदा घास तोंडात असतानाच हुकूम सोडताना माशाचा काटा घशात अडकला. काटा निघाला, पण चिडून त्यांनी नदीत जाळं टाकायला बंदी केली. भोयांच्या चुली थंडावल्या, तेव्हा ठकूबाई भोईण त्यांच्यापुढे उभी राहिली.

"सरकार, माझी नात अजून बोबडं बोलते. तीही हाच मासा खाते."

"मग तिला काटा कसा लागत नाही?"

ठकूबाईला नातीचा इवलासा आ आठवला. ती हळूच म्हणाली, "तिच्या ताटापाशी काटे काढणारं माणूस बसतं, सरकार. तुमच्या ताटापाशी कोण असतं?"

त्याच दिवशी बंदी उठली. दुसऱ्या दिवशी आईचा पाट त्यांच्या पाटाशेजारी मांडला गेला. इनामदारांनी सवयीने हुकूम सोडायला तोंड उघडलं, तोच काटे निवडता निवडता आई म्हणाली, "बोलू नकोस बाळा, ताटात मासा आहे."