जावईबापूंचं कबुतर

"सासऱ्यांचं कबुतर दुपारी पोचतं, आणि आमचं दिवेलागणीला? अब्रू गेली आमची!"

सोनगिरीचा राजा वीरधवल संतापाने लाल झाला होता. राणीचं माहेर चंपानगर, सोनगिरीच्या पूर्वेला, पाखराच्या वाटेने शंभर कोसांवर. कबुतर कुठेही सोडा, उडतं घराकडेच. म्हणून सासरे-जावयांनी पैज लावली. एकाच पहाटे चंपानगरचं कबुतर सोनगिरीहून उडालं आणि सोनगिरीचं चंपानगरहून. राजा सपशेल हरला! वर सासऱ्यांचा निरोप आला, "जावईबापू, पाखरांना पोटभर खायला घालत जा!"

राजाने कबुतरखान्यावरच्या भिवबाला धरून आणलं. "दाणे तूच चोरतोस! चल, कोठडीत!"

म्हाताऱ्याने हात जोडले. तेवढ्यात त्याची सून सगुणा पुढे झाली. "महाराज, मामंजी स्वतः उपाशी राहतील, पण पाखरांना ठेवणार नाहीत!"

"मग अंतर तेच असताना वेळ जास्त का? उद्यापर्यंत सांग. नाहीतर सासऱ्याबरोबर तूही आत!"

सकाळी सगुणा नदीवर पाण्याला गेली, घागर बुडवता बुडवता समोरच्या होड्यांकडे बघत राहिली, आणि एकदम खुदकन हसली. घागर तिथेच टाकून ती वाड्याकडे धावली.

"महाराज, उत्तर दरबारात मिळायचं नाही. होडीत बसावं लागेल!"

राजा कुरकुरत बसला. राणीही मौज बघायला आली. होडी प्रवाहाबरोबर सरसर खालच्या घाटाला लागली. "आता परत चला," सगुणा म्हणाली. परतताना नावाडी घामाने निथळला, तरी होडी जागची हलेना. राजा कंटाळला.

"अरे, जाताना कसा झटक्यात गेलास! आता काय झालं?"

"दाणे चोरतो हो तो, महाराज!" सगुणा म्हणाली.

"वेडी का काय तू? पाणी उलटं आहे, दिसत नाही?"

सगुणाने वाड्यावरच्या निशाणाकडे बोट दाखवलं. ते पूर्वेकडे ताठ फडफडत होतं.

"वरही तसंच आहे, महाराज. हल्ली वारा सारखा पूर्वेकडे वाहतो. चंपानगरचं पाखरू वाऱ्यावर बसून गेलं. आपलं बिचारं वाऱ्याशी झुंजत आलं. खरा मर्द गडी आपलाच!"

राजाची कळी खुलली. पण हट्टी तो हट्टीच! "ते खरं गं पोरी, पण पैज जिंकायची कशी? वारा फिरवून दाखव!"

"वारा कशाला फिरवायचा? सोपा उपाय आहे. महाराजांनी पश्चिमेला दुसरी सासुरवाडी करावी!"

राणीचे डोळे असे वटारले, की राजा घाईघाईने ओरडला, "नको, नको! हरलो तेच बरं!" आणि पोट धरून असा हसला, की होडी डुलू लागली.

भिवबा त्याच दिवशी सुटला. राजाने सगुणाला कबुतरखान्याची मुख्य नेमलं, आणि राणीने हातातले सोन्याचे गोठ काढून तिच्या हातात घातले. पण आधी तिचा कान जरासा पिळला!