कुणी विचारायचं नाही

फार जुनी नाही, जनावरांच्या कानात लशीचे पिवळे बिल्ले आले तेव्हाची गोष्ट. लस टोचायच्या दिवशी तांबू गाय रानात चुकली आणि तिचा कान मोकळाच राहिला. पाण्याच्या हौदावर गेली की जो तो विचारी, “बिल्ला कुठंय?” आणि तिला हुसकून लावी.

शेवटी म्हाताऱ्या म्हशीने ठराव मांडला, “हौदावर बिल्ल्याचं कुणी कुणाला विचारायचं नाही. पटतंय त्यांनी शेपटी वर करा.”

झाडून सगळ्या शेपट्या वर झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तांबू आली की सगळे गुपचूप पलीकडे सरकत. तिला कुणीच विचारेना.

आठवड्याने ती म्हशीला म्हणाली, “आत्या, बिल्ला कुठंय, एवढं तरी विचारा.”

“नाही गं बाई,” म्हैस लांबूनच म्हणाली, “ठराव झालाय.”