अंबादासची पिकअप

थोरला भाऊ अंबादास वारला आणि त्याची माइल्ड हायब्रिड, म्हणजे डिझेल इंजिनला बॅटरीची जोड असलेली पिकअप धाकट्या नवनाथकडे आली. नवनाथ ती घेऊन कांदा मार्केटात काम मागायला गेला.

तिथले कांद्याचे व्यापारी, पैलवान वामनशेठ हसले. "ही बॅटरी एकटी गाडी वीतभरही हलवत नाही. तुझा भाऊ फसला. असल्या गाडीला काम नाही."

भावाचं नाव निघताच नवनाथ तडकला. "शेठ, ही कांद्याची गोणी एकट्यानं डोक्यावर घ्या. जमलं तर गाडी विकतो."

शेठ इरेला पेटले. गोणी छातीपर्यंत आली, पुढे सरकेना. "अरे, जरा हात लाव."

नवनाथनं हात लावला. गोणी डोक्यावर चढली, शेठ ऐटीत चालू लागले.

"शेठ, ओझं तुम्हीच वाहताय. आमची बॅटरीपण इंजिनला नुसता हात लावते."

शेठ गोणीखालूनच म्हणाले, "गाडीचा मागचा फाळका उघड. ही पहिली गोणी."