येसूबाईच्या दोडक्यावरचा केवडा

सोमगिरी महाराज काळझरी गावी नदीकाठच्या मठीत मुक्कामाला होते, त्या वर्षीची ही हकीकत. भाद्रपद लागला तरी झाकोळ हटेना. दिवसभर भुरभुर चालायची, आणि मळ्यातली पाने पिवळी पडत होती.

येसूबाई माळीण महाराजांची भोळी भक्त. नवरा आणि लेक एकाच साथीत गेले. मागे दोडक्याचा मळा तेवढा राहिला. नेमकी त्याच मळ्यात पाने आधी पिवळी पडली. रंगोजी पाटलांनी चारचौघांत तिला पांढऱ्या पायाची ठरवले. वेल उपटावेत आणि बाईने गाव सोडावे, असा त्यांचा हुकूम झाला.

येसूबाई मठीत येऊन रडू लागली. पाटीलही पाठोपाठ आले. महाराजांनी तिला एवढेच विचारले, "बाई, पानावर काय दिसलं?"

"वरून शिरांच्या मधी पिवळे, कोनाचे ठिपके. पहाटे दवात पान उलटलं की खाली करडी बुरशी. भुरी असती तर वरूनच पिठावानी दिसली असती, महाराज."

पाटील हसले. "आता ही पानं वाचणार!"

"तिने बरोबर वाचलं," महाराज म्हणाले. "हा केवडा. ओलीने पसरणारा रोग आहे, दृष्ट नव्हे. पाटील, तीन दिवस थांबा. आणि आधी आपल्या मळ्यातलं पान उलटून पाहा."

पाटील थांबले, पण पान उलटायला गेले नाहीत.

येसूबाईने रोगट पाने खुडली, लांब नेऊन पुरली, वेल मांडवावर घेतले. बोटे चिरली. निम्मा मळा बोडका झाला, तरी उरलेल्या पानांवर ठिपके उमटतच होते. तिसऱ्या सकाळी महाराज चिखलातच बसले आणि त्यांनी डोळे मिटून नाम घेतले. काय सांगावे! सगळ्या शिवारावर भुरभुर तशीच, पण त्या तुकड्यावर लख्ख ऊन उतरले. पाने खडखडीत वाळली. नवा ठिपका उठला नाही.

दुपारी पाटील गड्यांना घेऊन आले, पण त्यांच्या हातात स्वतःच्या मळ्यातले एक पान होते, करपलेले, उलटे धरलेले. त्यांचा एकही वेल वाचणार नव्हता.

"महाराज, माझं चुकलं," ते म्हणाले. महाराजांनी येसूबाईकडे पाहिले.

रंगोजी पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग सगळ्या गड्यांदेखत ते येसूबाईपुढे वाकले.