दमलेलं तेल

यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. अडलेल्या बायांना घाट उतरून दवाखान्यात नेणाऱ्या सुलभाताईंच्या गाडीत टर्बो आणि इंजिनचं तेल जिवलग मित्र होते. टर्बो भिंगरीसारखा फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबायचा आणि लालबुंद व्हायचा, आणि तेल त्याला थंडावा द्यायचं.

"सिंथेटिक तेल आहे, वर्षभर बघायला नको," सुलभाताई म्हणत. तेल खूश व्हायचं. पण चढांनी आठ महिन्यांतच ते काळंठिक्कर पडलं. त्याचा गुळगुळीतपणा गेला, आणि टर्बोचा फिरता दांडा घासू लागला.

"दुखतंय ना?" तेलाने विचारलं.

"थोडंसं. पण आवाज केला, तर तुला काढून टाकतील."

"आणि गप्प राहिलास, तर एखादी बाई वाटेतच अडकेल. माझ्यात आता दम नाही, गड्या. ओरड."

टर्बोने कर्कश शिट्टी मारली. सुलभाताईंनी गाडी गॅरेजात नेली.

"ताई, घाटात टर्बोच्या गाडीचं तेल लवकर बदलावं लागतं," मेस्त्री म्हणाला. "थोडक्यात वाचलाय टर्बो."

त्याने तेल काढायला इंजिनखालचा नट सोडला.

"थांब ना!" टर्बो कळवळला.

"नव्याशी नीट वाग," ओघळता ओघळता तेल म्हणालं, "आणि त्याच्या वेळी ओरडायला इतका उशीर करू नकोस."