सुकलेली होडी

“होडीत पाणी का ओतताय, काफा?”

इद्रिसकाफांनी बादली होडीत उपडी केली आणि ते पुन्हा समुद्राकडे वळले.

मंदाकिनी होनमोरे नेहमीच्या जागी उभी होती. गवत संपून वाळू सुरू होते, तिथे. वीस महिन्यांत त्या रेघेपलीकडे तिचं पाऊल पडलं नव्हतं.

मालदीवचं ते बेट चालत पंचवीस मिनिटांत संपायचं. चारशे माणसं, एक शाळा, आणि गणित शिकवायला जत तालुक्यातून आलेली ही एक बाई. तिच्या गावात पाणी टँकरने यायचं आणि घागरीने वाटलं जायचं. तळ न दिसणारं पाणी तिने पहिल्यांदा पाहिलं ते इथे येताना, बोटीतून. मग बेट येईपर्यंत तिने डोळे उघडलेच नाहीत.

सुट्टी लागली की बाकीच्या शिक्षिका आपापल्या घरी जात. मंदाकिनी आईला फोनवर सांगे, “रजाच देत नाहीत गं.” मग रिकाम्या शाळेत बसून ती पेपर तपासे. तपासून झालेलेच, पुन्हा.

काफा बादली भरून परत आले. काफा म्हणजे आजोबा. सगळं बेट त्यांना याच नावाने हाक मारी. तरुणपणी ते जहाजावर होते, मुंबईच्या गोदीत पुष्कळ राहिलेले. त्यामुळे दोघं हिंदीत बोलत.

“आठ महिने सावलीत ठेवली होती,” ते होडीवर हात ठेवून म्हणाले. “फार जपली.”

“मग?”

“सुकली. फळ्या आकसल्या. आता समुद्रात घातली, तर बुडेल.”

मंदाकिनी थोडी हसली. विद्यापीठात गणितात पहिली आलेली ती. असलं उलटं बोलणं तिला पटत नसे.

“मी होडीसाठी नाही आले, काफा. हव्वासाठी आलेय.”

“बोला.”

“परवा मोठ्या बेटावर परीक्षा आहे. पाच मुलं जायची आहेत. पास झाली तर तिथल्या शाळेत जागा मिळेल. हव्वा सगळ्यांत हुशार... आणि ती म्हणते, मी होडीत बसणार नाही. भीती वाटते म्हणे. तुमची नात, कोळ्याची पोर! तुम्ही तिला दोन शब्द सांगा.”

“ही भीती तिला कोणी शिकवली?”

“मला काय माहीत? घरात कोणी घाबरवलं असेल.”

“घरात मी आहे,” काफा म्हणाले. “आणि एक मांजर आहे. मांजर रोज होडीत झोपतं.”

ती पायाखालचं गवत अंगठ्याने उपटू लागली.

“तुम्ही चांगल्या टीचर आहात,” काफा म्हणाले. “हव्वा अपूर्णांक तुमच्याकडूनच शिकली ना?”

“हो. एका आठवड्यात.”

“आणि वर्गाच्या समुद्राकडच्या खिडक्या लावायला?”

...

पहिले काही दिवस त्या खिडक्या मंदाकिनीने स्वतः लावल्या होत्या. पुढे रोज सकाळी ती वर्गात जाई, तेव्हा त्या तिन्ही खिडक्या आधीच लावलेल्या असत. कोण लावतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. बरं वाटायचं, म्हणून विचारलं नव्हतं.

मग ती म्हणाली, “मला पोहायला शिकवा. किती दिवस लागतील?”

“कशासाठी?”

“भीती जायला.”

“हव्वा चालायच्या आधी पोहायला शिकली, टीचर.”

“मग मी करू तरी काय?”

काफांनी रिकामी बादली तिच्यापुढे धरली.

“माझी पाठ दुखतेय.”

तिने बादली घेतली आणि तशीच उभी राहिली. समुद्र बारा पावलांवर होता. गवतावरून तिने हे अंतर नजरेने कितीतरी वेळा मोजलं होतं.

“किती बादल्या लागतील?”

“ते होडी सांगेल.”

पहिल्या खेपेला ती पाण्याशी वाकली तेवढ्यात लाट आली. पायाखालची वाळू सरकली, आणि ती बादली टाकून धावत गवतावर आली. काफा बादलीमागे गेले नाहीत. दुसऱ्या लाटेने ती आणून दिली.

दुसऱ्या खेपेला अर्धी बादली भरली. होडीत ओतली, तर फळ्यांच्या फटींतून पाणी बाहेर आलं आणि वाळूतून समुद्राकडे चालू लागलं.

“सगळं गळतंय!”

“गळू द्या.”

“मग ओतायचं कशाला?”

काफा झाडाला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ती ओतत राहिली. मोजायची तिला सवय. पण कितव्या तरी खेपेला आकडा चुकला. सलवार गुडघ्यांपर्यंत भिजली होती. छाती अजून धडधडत होती आणि हात बादली भरत होते.

“माझं नाव नदीचं आहे, काफा.”

“गावात नदी आहे?”

“नाही. म्हणून तर ठेवलं.”

काफा पोटभर हसले. तीही हसली, आणि हसता हसता बोलून गेली.

“वीस महिने घरी गेले नाही हो. आईला वाटतं, शाळा सोडत नाही. वाटेत समुद्र आहे, एवढंच. राजीनामा लिहून ठेवलाय... पण तो देऊन जायचं म्हटलं, तरी होडीतच बसावं लागेल.”

काफांनी फक्त तिच्या बादलीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आपणहून आली. होडी आता थोडं थोडं पाणी धरत होती. पाणी पिऊन फळ्या फुगल्या होत्या, फटी बारीक झाल्या होत्या. गवताच्या रेघेवर आज दुसरंच कोणी उभं होतं. दप्तर छातीशी धरून हव्वा बाईंचे ओले पाय बघत होती.

“ये की,” मंदाकिनी म्हणाली.

हव्वाने मान हलवली आणि ती पळून गेली.

परीक्षेच्या सकाळी काफांनी होडीतलं बरंचसं पाणी काढलं आणि चौघा शेजाऱ्यांच्या मदतीने तिला समुद्रात ढकललं. होडी तरंगली. चार मुलं उड्या मारून आत बसली. हव्वा होडीजवळच्या लहान धक्क्यावर उभी राहिली. केस नीट विंचरलेले, हातात पट्टी आणि दोन पेन्सिली.

मंदाकिनी काठावरून पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत. गुडघ्यांपर्यंत. होडीची कड तिने इतकी घट्ट धरली, की बोटं पांढरी पडली. मग एक पाय आत टाकला. होडी डोलली. एका मुलाने हसू दाबलं.

“मिस,” हव्वाने वरून विचारलं, “तुम्हाला भीती वाटते?”

वर्गात असं कोणी विचारलं असतं, तर मंदाकिनीने पाढे म्हणायला लावले असते.

“हो,” ती म्हणाली. “खूप.”

हव्वाने पट्टी आणि पेन्सिली काखेत धरल्या.

“मला पण,” ती म्हणाली. आणि खाली उतरून बाईंच्या शेजारी, अगदी चिकटून बसली.

काफांनी होडी सोडली.

बेट मागे गेलं. शाळेचं छप्पर दिसेनासं झालं. पाणी निळं होतं, मग गडद निळं, मग त्याला तळच राहिला नाही. मंदाकिनीने डोळे मिटले. हव्वाने तिची बाही मुठीत घट्ट धरली होती. तिने डोळे उघडले.

पायाशी घोटाभर पाणी डुचमळत होतं. तिने तिथली करवंटी उचलली आणि ती उपसायला लागली. भराभर, श्वास न घेता, जणू ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं की सगळं ठीक होणार होतं. तळाच्या फळ्या दिसायला लागल्या.

सुकाणूवरून काफांनी हात लांब केला आणि करवंटी काढून घेतली.

“सगळं नका उपसू, टीचर... थोडं राहू द्या.”