शोकेसमधला राउटर

घराघरांत वायफाय नवंनवं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. संगमेश्वरात खेडेकरांचं जांभ्याच्या जाड भिंतींचं दुमजली घर होतं. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, बक्षिसांच्या कपांशेजारी, क्रोशाच्या रुमालावर राउटर बसलेला असे. घरातलं इंटरनेट त्याच्यामुळेच, म्हणून त्याची मान कायम ताठ.

एकदा वायरमनने जिन्यात एक आणि वरच्या खोलीत एक, असे दोन छोटे राउटर, त्याचे धाकटे भाऊ, बसवले. राउटर फणकारला, "यांची गरजच काय? माझा आवाज गच्चीपर्यंत जातो!" आणि तो आणखी मोठ्याने हाका मारू लागला.

दुसऱ्या दिवशी खेडेकरांच्या वृंदाची व्हिडिओ कॉलवर नोकरीची मुलाखत होती. ती दिवाणखान्यातून फोन घेऊन वर गेली. फोनला राउटरची हाक ऐकू येत होती, म्हणून तो त्यालाच धरून राहिला. पण पडद्यावर साहेबांचा चेहरा थिजला.

"सर, ऐकू येतंय का?" वृंदा रडकुंडीला आली.

"बघ, पोचतोय माझा आवाज!" राउटर म्हणाला.

"पोचतोय, दादा," वरचा धाकटा म्हणाला, "पण फोनचा आवाज बारीक. तो तुमच्यापर्यंत येतोय का?"

राउटरने कान देऊन ऐकलं. वरून काहीच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आवाज उतरवला. तसा फोनने त्याचा हात सोडून धाकट्याचा धरला आणि साहेब बोलू लागले.

तासाभराने वृंदा धडधडत जिना उतरली. "आई, मिळाली नोकरी!"

राउटरची मान पुन्हा ताठ झाली. शेजारच्या कपांना तो हळूच म्हणाला, "बघितलंत? आमच्या घरात कुणाला ओरडावं लागत नाही."